यंत्राचा घसारा धरतो, मग जंगलाचा का नाही?

रानवाट (धागा)

एक हिशेब बरेच दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

कॉलिन क्लार्क या कॅनडातल्या गणितज्ञाने १९७३ साली निळ्या देवमाशाच्या शिकारीचं अर्थकारण गणितात बसवून पाहिलं. समजा सगळा धंदा एकाच मालकाच्या हातात आहे. दुसरा कुणी मासे पळवील ही भीती त्याला नाही आणि तो पुढचा विचार करणारा आहे. असा मालक देवमासे राखून ठेवील का? उत्तर अंगावर काटा आणणारं निघालं. देवमाशांची संख्या वर्षाला ज्या दराने वाढते त्याहून पैशावरचं व्याज बरंच जास्त असेल, आणि शेवटचे मासे शोधायचा खर्च फार नसेल, तर उरलेले सगळे मारून आलेली रक्कम व्याजी लावणंच त्याला जास्त फायद्याचं ठरतं. हे करायला त्याला लोभी किंवा अडाणी असावं लागत नाही. तो फक्त हिशेब बरोबर करतो.

इथे दोन घड्याळं चालू आहेत. पैसा चक्रवाढीने वाढतो आणि कागदावर त्या वाढीला शेवट नाही. जिवंत गोष्टीची वाढ मात्र तिच्या देहाशी बांधलेली असते. हत्तीण २२ महिने गाभण राहते. व्याजदर वाढला म्हणून ती मुदत घटत नाही. या दोन घड्याळांत कुणाचं कुणी ऐकायचं, हे आपण कधी चर्चा न करताच ठरवून टाकलंय.

आता जंगल पाहा. यूजीन ओडम या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९६९ साली एक नीटस मांडणी केली. उघड्या जमिनीवर उगवणारं कोवळं रान झपाट्याने वाढतं, कारण प्रकाशसंश्लेषणातून जेवढं कमावतं त्यापेक्षा श्वसनात कमी खर्चतं. उरलेलं खोडात, पानांत, मुळांत साठतं. रान प्रौढ होत गेलं की मिळकत आणि खर्च जवळजवळ बरोबरीला येतात आणि एकूण जैवभार (सगळ्या सजीवांचं मिळून वजन) वाढायचा थांबतो. पण जंगलातली धावपळ थांबत नाही. पडलेल्या पानातलं अन्नद्रव्य बुरशीमार्फत पुन्हा मुळांत जातं, प्रजातींचं एकमेकांवरचं अवलंबन वाढतं, वाहून जाणारं कमी होतं. ही जंगलाची भरात आलेली अवस्था. हेच आकडे एखाद्या देशाचे असते तर त्या वर्षी सरकार पडलं असतं. मला वाटतं, आपण निसर्गाकडून हेच शिकावं आणि अर्थव्यवस्था जंगलासारखी व्हावी.

माझी मागणी अशी: अर्थव्यवस्थेतल्या प्रत्येक मिळकतीवर पहिला हक्क पुनर्भरणाचा असावा. कारखान्यातलं यंत्र झिजतं तेव्हा नफा काढण्याआधी घसारा वजा करतो. ज्या मातीतून, नदीतून, रानातून ती मिळकत येते त्यांची झीज कुठेच वजा होत नाही. झाड तोडलं की लाकडाचा पैसा जीडीपीत जमा होतो, आणि रान गेलं याची नोंद कुठल्याच बाजूला दिसत नाही. याला मी मुद्दल खाणं म्हणतो. घरात कुणी असं वागलं तर चार वडीलधारी माणसं त्याला समोर बसवून समजावतात.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

---

ताळेबंद

हिशेबनीस म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे घसाऱ्याच्या मुद्द्यावर आधी सहमती नोंदवतो. पण हा मुद्दा मांडायला जंगलाची गरज नाही. जॉन हिक्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३९ सालीच उत्पन्नाची व्याख्या दिली आहे: काळाच्या शेवटी सुरुवातीइतकीच सुस्थिती टिकवून मधल्या काळात जास्तीत जास्त जेवढं खर्च करता येईल, तेवढंच उत्पन्न. मुद्दल खाल्लं तर ते उत्पन्नच नव्हे, हे पाठ्यपुस्तकातलं अर्थशास्त्र आहे. संयुक्त राष्ट्रांनी मार्च २०२१ मध्ये परिसंस्थांचे हिशेब ठेवण्याची पद्धतही मान्य केली. तेव्हा तुमची मागणी हिशेब पुरा करण्याची आहे. त्यासाठी अर्थशास्त्र मुळापासून बदलायला हवं असं मला वाटत नाही.

माझी खरी हरकत 'प्रौढ जंगल' या कल्पनेला आहे. १९९० साली जगात दर तीन माणसांमागे एकाहून जास्त माणूस अतिदारिद्र्यात होता. २०१५ पर्यंत ते प्रमाण दहात एकावर आलं. हे वाढीमुळे झालं. वाढ सगळ्यांपर्यंत सारखी पोचली नाही हे मान्य, पण तिच्यावाचून हे झालं नसतं. ज्याच्या घरात अजून दिवा लागलेला नाही त्याला "आता जंगल प्रौढ झालं, वाढ पुरे" असं कुणी सांगायचं? आणि सांगणारा नेमका त्या जंगलातल्या सगळ्यात उंच झाडावर बसलेला असतो.

देवमाशांचंही तसंच. रॉकेल आलं आणि दिव्यासाठी देवमाशाचं तेल लागेनासं झालं. टंचाई झाली, किंमत चढली, पर्याय सापडला. बाजार असं काम करतो.

---

सूक्ष्मजीव

मी जीवशास्त्र शिकवते. "निसर्गाकडून शिका" हे वाक्य ऐकलं की मी सावध होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुठल्या निसर्गाकडून शिकायचं? सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी नीलहरित जिवाणूंनी प्रकाशसंश्लेषणातला टाकाऊ वायू हवेत सोडत राहून सगळ्या पृथ्वीचं वातावरण बदललं. तो वायू म्हणजे ऑक्सिजन. तेव्हाच्या बहुतेक जिवांना तो विषासारखा होता. निसर्गात टाकाऊ काही नसतं असं म्हणतात, पण त्या टाकाऊचा वापर करणारे जीव उत्क्रांत व्हायला प्रचंड काळ गेला. तेवढा काळ आपल्याकडे नाही. शिवाय परोपजीवी हेसुद्धा सजीवच. ते यजमानाला पोखरूनच जगतात आणि त्यांचं उत्तम चाललेलं असतं.

दुसरी गोष्ट, अर्थशास्त्रात जीवशास्त्र आणायचा हा पहिला प्रयत्न नाही. फ्रांस्वा केने हा फ्रेंच राजदरबारातला वैद्य होता. त्याने १७५८ साली देशातला पैसा-माल कसा फिरतो याचा तक्ता काढला. शरीरात रक्त फिरतं तशी ती कल्पना होती. ते निरुपद्रवी होतं. पण १८६४ साली हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने 'बलिष्ठ तोच टिकतो' अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ केला, आणि मग गरिबाला मदत करणं निसर्गाविरुद्ध आहे असं सांगणारी एक मोठी परंपरा उभी राहिली. तेही "सजीवांची तत्त्वं" म्हणूनच सांगितलं गेलं. क्रोपोत्किन या रशियन विचारवंताने १९०२ मध्ये सहकार्याची उदाहरणं देऊन उत्तर दिलं खरं, पण दोघांनाही निसर्गात हवे ते दाखले मिळालेच ना?

ओडमच्या मांडणीबद्दलही सांगायला हवं. जंगल एका ठरलेल्या शेवटाकडे जातं हे चित्र आज कुणी तितक्या ठामपणे मांडत नाही. वणवे, वादळं, रोग येत राहतात. काही झाडांची फळं तर वणव्याशिवाय उघडतच नाहीत. समतोल हा शब्द शिकवायला सोपा आहे, रानात तो शोधायला गेलं की हाती लागत नाही.

---

रानवाट

@सूक्ष्मजीव, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. निसर्ग आपल्याला काय करावं हे सांगत नाही, हे मान्य करतो. मूळ लेखात माझ्या बोलण्याचा रोख तसा झाला होता, तो मागे घेतो. पण काय करून भागणार नाही हे तो सांगतो. विहिरीत झऱ्याने जेवढं पाणी येतं त्याहून जास्त रोज उपसलं तर विहीर आटते, यात उपमा कुठे आहे? माझा दावा आता एवढाच ठेवतो.

@ताळेबंद, रॉकेलाची गोष्ट अर्धीच आहे. रॉकेल आलं एकोणिसाव्या शतकात. देवमाशांची सगळ्यात मोठी कत्तल झाली विसाव्यात, सुमारे २९ लाख. वाफेची जहाजं आली, स्फोटक भाले आले, आणि तेलाला मार्गारीन-साबणात नवं गिऱ्हाईक सापडलं. पर्याय सापडल्यावर बाजार थांबला नाही, तो दुसऱ्या वाटेने परत आला. व्यापारी शिकार शेवटी बहुतांशी बंदीने थांबली. १९८२ साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगात मतदान झालं आणि १९८६ पासून ती लागू झाली.

गरिबीचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. त्याच काळातला दुसरा आकडा अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्तांच्या २०२१ च्या अहवालात आहे: १९९२ ते २०१४ या वर्षांत माणसाने घडवलेलं भांडवल दरडोई दुप्पट झालं आणि नैसर्गिक भांडवल दरडोई जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. दोन्ही आकडे खरे आहेत. मला भीती अशी वाटते की ज्याच्या घरात दिवा नाही, त्याचंच पोट त्या घटलेल्या ४० टक्क्यांवर सगळ्यात जास्त अवलंबून असतं. रान, ओढा, गायरान, समुद्रकिनारा हे गरिबाचं भांडवल. श्रीमंताला दुसरीकडून विकत घेता येतं.

---

जुनेपुस्तक

कुठला निसर्ग, या प्रश्नाचं एक उत्तर गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पांनी १९४० च्या दशकात तुरुंगात बसून दिलं होतं. त्यांनी निसर्गातल्या व्यवहारांचे पाच प्रकार केले: परोपजीवी, लुटारू, उद्यमी, समूहाचा आणि सेवेचा. वाघ, माकड, मधमाशी असे दाखले घेऊन माणसाच्या अर्थव्यवहाराची प्रतवारी लावली. मधमाशी फुलातून घेते, पण घेताना परागीभवन करून जाते. म्हणजे निसर्गात सगळं आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यातून निवड माणसानेच करायची हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते स्वतः शिकलेले हिशेबतपासनीस होते, @ताळेबंद, ही गोष्ट तुम्हाला आवडेल.

---

कुदळ

एवढं वाचल्यावर राहवलं नाही. मी शेती करतो. पुनर्भरण, पुनरुज्जीवन हे शब्द आमच्याकडे हल्ली खूप लोक घेऊन येतात, म्हणून जमिनीवरचं लिहितो.

हवेतला नत्र पकडून खत करायची हेबर-बॉश पद्धत नसती तर आजच्या जगातल्या जवळपास निम्म्या माणसांना पुरेल एवढं अन्न पिकलं नसतं, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. भाताचं उत्पादन कोसळलं आणि काही महिन्यांत निर्णय फिरवावा लागला. त्याच्या मागे इतर आर्थिक कारणंही होती, पण शेतकऱ्याचं जे व्हायचं ते झालंच. तेव्हा खत सोडा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की निम्म्या जगाला काय खाऊ घालणार.

आता दुसरी बाजू, तीही माझीच. सहा वर्षांपूर्वी मी अर्ध्या वावरात नांगरट कमी केली. पिकाचे अवशेष जाळायचं बंद केलं, मधे हिरवळीचं खत घेतलं, रासायनिक खत थोडं थोडं उतरवत आणलं. पहिल्या वर्षी उत्पादन घटलं. दुसऱ्या वर्षी आणखी घटलं, तण आवरेना. तिसऱ्या वर्षी जमीन जरा भुसभुशीत लागायला लागली. पाचव्या वर्षी पावसाने महिनाभर ओढ दिली, तेव्हा या अर्ध्या वावरातलं पीक उभं राहिलं आणि बाकीच्या अर्ध्यातलं सुकलं. माती बोलली, पण पाचव्या वर्षी. बँकेचा हप्ता दर वर्षी येतो.

पहिल्या लेखातली दोन घड्याळं मला पुस्तकातून कळली नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बायकोचं सोनं गहाण टाकलं तेव्हा कळली. त्यामुळे माझा प्रश्न एकच आहे. मधल्या वर्षांचं कोण बघणार?

---

लाटाकाठ

@कुदळ यांच्या प्रतिसादाला नमस्कार. त्यांच्या प्रश्नाला जोडून समुद्राची गोष्ट सांगतो.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर जवळपास ५०० वर्षं कॉड मासा पकडला जात होता. १९६० च्या दशकात कारखान्यासारखी मोठी ट्रॉलर जहाजं आली आणि १९६८ साली पकड ८ लाख टनांच्या वर गेली. मग घसरण. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतचा हक्क सांगितला, परदेशी जहाजं हटली, शास्त्रज्ञ नेमले, दर वर्षी किती पकडायचं याचा कोटा ठरू लागला. म्हणजे आपण इथे जे मागतोय त्यातलं बरंचसं तिथे होतं. तरीही २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० माणसांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. ती उठायला २०२४ उजाडलं, आणि तेव्हाही मर्यादित मासेमारीलाच परवानगी मिळाली.

चूक मोजणीत होती. ट्रॉलरच्या जाळ्यात मासा भरपूर येतोय, म्हणजे समुद्रात भरपूर आहे, असा अंदाज बांधला गेला. प्रत्यक्षात उरलेले मासे थोड्या जागी गर्दी करत होते आणि यंत्रं त्यांना नेमकं शोधून काढत होती. किनाऱ्यावर छोट्या होड्यांतून मासे धरणारे लोक आधीपासून सांगत होते की मासा लहान आणि कमी झालाय. त्यांचं म्हणणं तक्त्यात बसत नव्हतं.

म्हणून @रानवाट, "पुनर्भरणाचा पहिला हक्क" हे वाक्य चांगलं आहे, पण पुनर्भरणाचा दर किती हे आपल्याला कळतं असं त्यात गृहीत धरलंय. तेच सगळ्यात अवघड आहे.

---

सूक्ष्मजीव

@लाटाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत, आणि यावर @ताळेबंद यांना एक प्रश्न आहे.

टिकाऊपणाचा हिशेब पहिल्यांदा जंगलातच मांडला गेला. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड लागायचं. ते संपत चाललं तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या खाण अधिकाऱ्याने १७१३ साली ग्रंथ लिहून सांगितलं की उगवेल तेवढंच तोडा. पुढच्या पिढ्यांनी ते मनावर घेतलं. झाडं मोजली, वाढीचे तक्ते केले आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून जुनं मिश्र जंगल काढून स्प्रूस या एकाच सूचिपर्णी झाडाच्या सरळ रांगा लावल्या. पहिलं पीक उत्तम आलं, कारण जुन्या जंगलाने साठवलेल्या मातीवर ते उभं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत अनेक ठिकाणी वाढ खुंटली, कीड लागली, वाऱ्याने रांगाच्या रांगा आडव्या केल्या. बुरशी, किडे, पालापाचोळा, खालची झुडपं या कशालाच तक्त्यात रकाना नव्हता.

त्यांनी घसारा धरला होता. पण धरला तो लाकडाचा, जंगलाचा नव्हे. मग तुम्ही सांगितलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ च्या पद्धतीत हीच चूक मोठ्या प्रमाणावर होणार नाही कशावरून?

---

ताळेबंद

होऊ शकते. उत्तर टाळत नाही. जे रुपया-डॉलरमध्ये मोजता येत नाही ते शून्य धरलं जातं, हा आमच्या धंद्याचा जुना दोष आहे. परिसंस्थांच्या नव्या पद्धतीत निदान एवढं केलंय की आधी क्षेत्रफळ आणि अवस्था त्यांच्या स्वतःच्या एककांत नोंदवायची, आणि पैशातली किंमत वेगळ्या तक्त्यात. दोन्ही शेजारी राहतात. अवस्थेचा तक्ता घसरतोय आणि पैशाचा चढतोय असं दिसलं तर निदान प्रश्न विचारता येतो.

पण मोजणी चुकते म्हणून मोजूच नये, हे मला चालणार नाही. न मोजल्याची किंमत आधीच मोजतोय. आणि नियम नीट बांधला तर बाजारही ऐकतो. आम्लपर्जन्य थांबवायला अमेरिकेने १९९० साली कायदा करून वीजकेंद्रांच्या गंधकाच्या धुरावर एकूण मर्यादा घातली आणि त्या मर्यादेत परवाने विकायची मुभा दिली. धूर घटला, आणि आधी वाटलं होतं त्यापेक्षा खर्च कमी आला. मर्यादा कायद्याने घातली, वाटप बाजाराने केलं. @रानवाट यांच्या मागणीचं मला झेपणारं रूप हे आहे.

---

वेगळीवाट

कुणीच पैशाच्या घड्याळाला हात घालत नाहीये म्हणून लिहिते. ऑस्ट्रियातल्या वोर्गल गावाने १९३२ साली स्वतःच्या नोटा काढल्या. त्या दर महिन्याला एक टक्का झिजायच्या. तेवढ्या किमतीचं तिकीट चिकटवलं तरच नोट चालायची. पैसा दाबून ठेवण्यात अर्थ उरला नाही. रस्ते झाले, पूल झाला, बेकारी घटली. १९३३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने ते बंद करायला लावलं. सगळं जिवंत जग झिजतं, धान्य किडतं, लोखंड गंजतं, फक्त पैसा झिजत नाही. मूळ रोग तिथे आहे.

---

ताळेबंद

@वेगळीवाट, वोर्गलचा प्रयोग मलाही मोलाचा वाटतो, पण तो मंदीच्या खाईत, वर्षभराच्या आसपास चालला. तिथे अडचण पैसा न फिरण्याची होती, निसर्ग झिजण्याची नव्हती. पैसा वेगाने फिरला तर माती वाचेल की जास्त वेगाने खर्ची पडेल? आणि व्याज कमी केलं की देवमासे वाचतात हेही अर्धसत्य आहे. स्वस्त पैशावर खाणी, धरणं, ट्रॉलर जहाजं हे सगळंच परवडायला लागतं. कमी व्याज राखणाऱ्यालाही मिळतं आणि खणणाऱ्यालाही.

---

ओंजळ

मोजणार कोण आणि ठरवणार कोण, यावर अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रम यांचं काम इथे यायला हवं होतं: सामाईक कुरणं, पाणी, मासे लोक स्वतः नियम करून कसे सांभाळतात याचं. त्यांना २००९ साली त्यासाठीच अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या दाखल्यांत स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल हे गाव आहे. तिथला १५१७ सालचा नियम असा: हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतात, त्याहून जास्त उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या नाहीत.

या नियमाचं शहाणपण बघा. कुरणाचा पुनर्भरणाचा दर काय, हे कुणालाच अचूक मोजावं लागत नाही. गोठ्यातल्या गाई आणि चाऱ्याचा ढीग दोन्ही शेजाऱ्याला दिसतात. दर वर्षी खोऱ्यातल्या चाऱ्यानेच ठरवलेली मर्यादा आपोआप लागू होते. @लाटाकाठ यांच्या छोट्या होडीवाल्यांचं ऐकायला अशा व्यवस्थेत जागा असते, कारण नियम करणारे आणि पाळणारे तेच.

---

सूक्ष्मजीव

सुंदर उदाहरण. पण टोर्बेलमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. वातावरणात कार्बन सोडणारे एकमेकांना ओळखत नाहीत आणि गोठा दिसत नाही. गावाचा नियम जगाला लावायचा कसा, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

रानवाट

दोन दिवसांत माझा मूळ लेख बराच बदलला. अर्थव्यवस्था जंगलासारखी व्हावी हे वाक्य मी आता लिहिणार नाही. मोजणीवर सगळी भिस्त ठेवणंही चुकीचं होतं. ते @लाटाकाठ आणि @सूक्ष्मजीव यांनी दाखवलं. टोर्बेलचा नियम मला जास्त जवळचा वाटतो: घेण्याची मर्यादा अशा गोष्टीला बांधायची जी सगळ्यांना दिसते आणि वाढवून सांगता येत नाही.

पण @कुदळ यांच्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही, मीही नाही. खरं तर सगळी गाडी तिथेच अडते. सजीव गोष्ट सावरते, पण सावरायला वेळ घेते, आणि त्या वेळात तिच्यावर जगणाऱ्याच्या ताटात काहीतरी पडावं लागतं. चीनच्या लोएस पठारावर उतार पुन्हा हिरवे झाले, त्यात पायऱ्या बांधणं आणि चराई रोखणं याइतकंच महत्त्वाचं होतं की १९९९ पासून उतारावरची शेती सोडणाऱ्यांना सरकारने धान्य आणि रोख रक्कम दिली. त्यातही अनेक ठिकाणी एकाच जातीची झाडं लावली आणि जमिनीतला ओलावा घटला, हे @सूक्ष्मजीव सांगण्याआधी मीच सांगतो. पण मधल्या वर्षांची जबाबदारी कुणीतरी घेतली होती.

तेव्हा माझी मागणी सुधारून लिहितो. पुनर्भरणाचा पहिला हक्क म्हणजे नुसती ताळेबंदातली वजावट नव्हे. निसर्गाला विसावा द्यायच्या वर्षांत जो माणूस कमी घेतो त्याला मिळणारी रक्कम हीच ती वजावट. ती जमिनीच्या मालकाला, मच्छीमाराला, गुराख्याला हातात पडली पाहिजे. नाहीतर आपण एका कागदाऐवजी दोन कागद करू एवढंच.

---

ताळेबंद

यावर माझं काम सुरू होतं. यंत्र घेताना कर्जफेडीला सुरुवातीची सूट मिळते, कारण कारखाना उभा राहून माल निघायला वेळ लागतो हे सगळ्यांना मान्य असतं. माती उभी राहायलाही वेळ लागतो. मग तीन वर्षं फक्त व्याज, चौथ्यापासून हप्ता, आणि मातीची अवस्था सुधारली तर व्याजात सवलत, असा तक्ता का करू नये? धोका असा की सवलतीसाठी आकडे फुगवले जातील, आणि ज्याची माती मुळातच चांगली आहे त्याला फुकटचा फायदा होईल. म्हणून सुरुवातीची अवस्था नोंदवणं आलं.

@कुदळ, तुमच्याकडे सेंद्रिय कर्बाचे (मातीतल्या कुजलेल्या पाल्याचोळ्यातून आलेल्या कर्बाचे) तपासणी अहवाल पहिल्या वर्षापासून असतील तर आकडे इथे टाका. गावाचं नाव नको. मी कर्जाचा तक्ता मांडतो, कुठे फसतो ते सगळ्यांनी तपासा.

---

कुदळ

पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या वर्षाचे आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे नाहीत, तेव्हा तपासणीला द्यायला पैसे नव्हते. आहेत ते रात्री टाकतो. दोन्ही अर्ध्या वावरांचे वेगवेगळे आहेत.